पखालीतलं दूध, छपरावरचं दही

वाचकांचे प्रश्न : मंगोलियाचं खाणंपिणं

मंगोलियाच्या खाण्यापिण्यावर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक पत्रं घोडीच्या दुधाभोवतीच फिरतात. म्हणून या वेळी सुरुवात तिथूनच. उरलेल्या जागेत मांस, चहा आणि वाळवणाचे प्रश्न घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मंगोलियात माणसांपेक्षा घोडे जास्त आहेत असं वाचलं. मग घोडीच्या दुधाचं लोणी, तूप, चीज का ऐकू येत नाही? तिथले लोक ते करत नाहीत की करायला मनाई आहे?

उत्तर : मनाई नाही, ते होतच नाही. मंगोलियाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास आणि घोडे चाळीस लाखांच्या घरात, तेव्हा दुधाचा तुटवडा हे कारण नव्हे. कारण दुधाच्या घडणीत आहे. घोडीच्या दुधात स्निग्धांश एक ते दोन टक्के असतो, गायीच्या दुधात साडेतीन ते चार. म्हणजे लोण्यासाठी घुसळत बसलात तर हात भरून येतील आणि भांड्याच्या कडेला बोटभर काहीतरी लागेल. चीजचं म्हणाल तर दूध फाटून त्याचा घट्ट गोळा व्हायला केसीन नावाचं प्रथिन लागतं. गायीच्या दुधातल्या प्रथिनांत केसीन सुमारे ८० टक्के असतं, घोडीच्या दुधात जेमतेम निम्मं. त्यात एकूण प्रथिनंच कमी, दोन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे घोडीचं दूध आंबलं तरी कवडीसारखं दही लागत नाही, बारीक बारीक कण होतात आणि दूध पातळच राहतं.

एका बाबतीत मात्र हे दूध गायीच्या पुढे आहे. त्यात दुग्धशर्करा सहा ते सात टक्के असते, गायीच्या दुधात पाचाच्या आत. साखर भरपूर, चरबी कमी, गोळा होत नाही : असं दूध प्यायचंच, आणि आंबवून प्यायचं. मंगोलियाची लोणी-तूप-चीजची सगळी बाजू गाय, याक, मेंढी, शेळी आणि उंटीण सांभाळतात. घोडीचं दूध जवळजवळ सगळं ऐरागसाठी जातं. ऐराग म्हणजे आंबवलेलं, किंचित फसफसणारं दूध. कझाक आणि इतर तुर्की भाषांत त्याच पेयाला कुमिस म्हणतात.

प्रश्न : ऐराग नेमकं कसं करतात? दूध काढण्यापासून सगळी कृती द्यावी.

उत्तर : कृतीची सुरुवात घोडीपासून नव्हे, शिंगरापासून होते. पिल्लू जवळ नसेल तर घोडी पान्हा सोडत नाही. वसंतात घोड्या वितात, आणि शिंगरं जरा दमदार झाली की, म्हणजे जून संपता संपता किंवा जुलैत, धारा काढायला सुरुवात होते. जमिनीलगत दोन खुंट्यांमध्ये ताणलेल्या लांब दोरीला ‘झेल’ म्हणतात. सकाळी शिंगरं या झेलला बांधतात. आया आसपास चरत राहतात, दूर जात नाहीत. धारेच्या वेळी एक जण शिंगरू आणून आईच्या सडाला लावतो, पान्हा सुटला की ते बाजूला ओढून आईला चिकटूनच उभं धरतो. दुसरा एक गुडघा टेकून, दुसऱ्या मांडीवर बादलीचा भार घेऊन, एक हात घोडीच्या मागच्या पायाभोवतून घालून धार काढतो. घोडीची कास लहान असते, दूध साठून राहत नाही. म्हणून दर दोन तासांनी, दिवसाला पाच-सहा वेळा हे करावं लागतं. एका वेळी मिळतं पाव ते अर्धा लिटर. संध्याकाळी शिंगरं सोडून देतात, रात्रभरचं दूध त्यांचं. हा वाटा मोडला तर शिंगरू हिवाळा काढत नाही, आणि पुढच्या वर्षी ना घोडी ना दूध.

काढलेलं दूध गाळून पूर्ण थंड करतात. तापवत नाहीत. मग ते ‘खोखूर’मध्ये ओततात. खोखूर म्हणजे गायीच्या कातड्याची मोठी पखाल. केस काढून, धुरी देऊन, शिवून केलेली. गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, ती दाराजवळ पश्चिमेच्या, पुरुषांच्या बाजूला लाकडी चौकटीत टांगलेली असते. तिच्या तोंडातून एक लांब दांडा आत जातो, तो ‘बुलूर’. त्याच्या खालच्या टोकाला रुंद लाकडी ठोकळा असतो. रवी फिरवतात तसा तो फिरवायचा नसतो, उखळात मुसळ चालवावं तसा वरखाली मारायचा असतो. युनेस्कोने २०१९ मध्ये ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीत पाचशेहून अधिक वेळा घुसळण्याचा उल्लेख आहे. व्यवहारात घरातला जो कोणी पखालीजवळून जातो तो दहा-वीस हात मारून जातो, आलेल्या पाहुण्यानेही मारावेत अशी अपेक्षा असते. दिवसाअखेर तो आकडा हजाराच्या पुढे सहज जातो.

आता विरजण. मंगोल भाषेत विरजणाला ‘खोरोंगो’ म्हणतात, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ भांडवल, मालमत्ता. पखाल म्हणूनच कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. साधारण तिसरा हिस्सा जुनं ऐराग तळाला ठेवून त्यावर नवं दूध घालतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी आदल्या वर्षीचं गोठवून ठेवलेलं ऐराग वापरतात, नाहीतर शेजारच्या कुटुंबाकडून खोरोंगो आणतात. या विरजणात दोन प्रकारचे जीव एकत्र राहतात. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू दूध आंबट करतात, यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. जिभेला टोचणारा फेस हा त्या वायूचा. एक दिवसाचं ऐराग गोडसर आणि मवाळ लागतं, दोन-तीन दिवसांचं आंबट आणि टोकदार. कोणतं चांगलं यावर तिथे एकमत होणं शक्य नाही. बुलगान, आर्खांगाई, ओवोरखांगाई आणि दुंदगोवी या प्रांतांतले लोक आपापल्या कुरणाच्या गवताचं कौतुक करतात. बुलगानच्या मोगोद आणि साइखान या भागांचं नाव त्यात बहुतेक वेळा पहिलं येतं.

प्रश्न : घुसळलं नाही तर काय बिघडतं? नुसतं विरजण लावून ठेवलं तर चालणार नाही का?

उत्तर : आंबेल, पण ऐराग होणार नाही. दूध स्थिर राहिलं की प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि वर निवळी राहते. सतत ठोकल्याने ते कण सुटे आणि इतके बारीक राहतात की जिभेला लागत नाहीत. दुसरं म्हणजे ठोकताना दुधात हवा मिसळते, आणि हवा मिळाली की यीस्ट जोमाने वाढतं. हवा नसेल तर जिवाणू पुढे निघून जातात, आंबटपणा वाढतो आणि फेस येत नाही. ऐराग ‘मेलं’ आहे अशी तक्रार आली तर दहापैकी आठ वेळा कारण हेच असतं : दांडा मारायचा आळस.

बाकीचे बिघाडही सांगून टाकतो. कोमट दूध तसंच पखालीत ओतलं तर तापमान चढतं, जिवाणूंना सोय होते आणि एका रात्रीत इतकं आंबट होतं की घसा धरतो. वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास दोघांचंही जमतं. फार थंडीत यीस्ट निजतं. सप्टेंबरच्या गार रात्री पखालीवर नमदा टाकतात तो त्यासाठी. जुनं कमी आणि नवं दूध फार झालं तर विरजणाला जोर पुरत नाही, दूध दोन दिवस अर्धवट गोडच राहतं. आणि ऐराग दाट, तुपकट लागलं, ओठांवर थर राहिला, तर त्यात गायीचं दूध मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. चांगलं ऐराग पातळ, निळसर झाक असलेलं पांढरं असतं आणि वाडग्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतं.

हल्ली पुष्कळ घरांत कातड्याऐवजी निळी प्लास्टिकची पिंपं दिसतात. धुवायला सोपी, हलवायला सोपी. पण कातड्याच्या आतल्या खडबडीत अंगात जे विरजण मुरून बसलेलं असतं ते पिंपात टिकत नाही, आणि उन्हात पिंप लवकर तापतं. सोय आणि चव यांपैकी एकच निवडायचं तर आमचं मत कातड्याला.

प्रश्न : ऐराग दारू आहे की ताक? मुलं पितात असं वाचून आश्चर्य वाटलं. पहिल्यांदा पिणाऱ्याचं पोट बिघडतं हे खरं का?

उत्तर : दोन्हींच्या मधलं काहीतरी. अल्कोहोलचं प्रमाण साधारण एक ते तीन टक्के. दोन टक्के धरलं तर एका लिटरमध्ये वीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या बिअरच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस. आकड्यांत कमी दिसतं, पण तिथला वाडगा मोठा असतो आणि रिकामा झाला की लगेच भरतात. उन्हाळ्यात मोठी माणसं दिवसाला कित्येक लिटर पितात, जेवण बाजूला ठेवून. मुलं पितात ते बहुतेक ताजं, एका दिवसाचं.

पोटाचं खरं आहे. बहुसंख्य मंगोल प्रौढांच्या शरीरातसुद्धा दुग्धशर्करा पचवणारं लॅक्टेज हे विकर मोठेपणी कमी होतं, तरी त्यांचा निम्मा आहार दुधाचा. आंबवण्यात साखरेचा काही भाग जिवाणू आणि यीस्ट खाऊन टाकतात, हे एक कारण. लहानपणापासून पोटातल्या जिवाणूंना झालेली सवय हेही कारण मानलं जातं. बाहेरून आलेल्या माणसाकडे ही सवय नसते. पहिल्या दिवशी अर्धा वाडगा, दुसऱ्या दिवशी एक, असं चढत जावं. रिकाम्या पोटी, लांबच्या प्रवासाआधी तर मुळीच नको. हे कच्चं दूध आहे हेही विसरू नये. मंगोलियातल्या गुरांत ब्रुसेलोसिस हा रोग आढळतो आणि तो कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतो. आंबटपणामुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. गर्भवती, लहान मुलं घेऊन गेलेले पालक आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी नम्रपणे टाळावं.

नम्रपणे कसं, तेही सांगतो. वाडगा उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्यायचा. उजव्या हाताने घेताना डावा हात उजव्या कोपराखाली. ओठ लावायचे, किंवा अनामिका बुडवून थेंब उडवायचे, आणि वाडगा परत द्यायचा. वाडगा हातात न घेणं हा अपमान. घेऊन न पिणं चालतं.

प्रश्न : ‘दुधाची व्होडका’ घोडीच्या दुधापासून करतात का? भट्टी कशी असते?

उत्तर : ऐराग गाळूनही करतात, पण बहुतेक ‘शिमिन आर्खी’ गायीच्या किंवा याकच्या आंबवलेल्या दह्यापासून होते. या दह्याला ‘तारग’ म्हणतात. घोडीचं ऐराग प्यायला इतकं हवं असतं की भट्टीवर घालायला मन होत नाही.

भट्टी साधी आहे. चुलीवर मोठी कढई. तिच्यावर ‘बुर्खेर’ म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं, बुडाकडे रुंद असं लाकडी किंवा पत्र्याचं नळकांडं. त्याच्या आत मधोमध दोऱ्यांनी लोंबकळत ठेवलेलं एक छोटं भांडं. आणि सगळ्यात वर, झाकणासारखी, गोल बुडाची थंड पाण्याची कढई. दह्याची वाफ वर जाते, गार बुडाला लागून थेंब होतात, ते बुडाच्या टोकावरून खालच्या भांड्यात टपकतात. सांधे ओल्या कापडाने किंवा नमद्याने बंद करतात, नाहीतर निम्मी दारू धुरासारखी गेरच्या छपरातून निघून जाते.

चुका तीन ठिकाणी होतात. कढई काठोकाठ भरली तर दही उतू जाऊन आतल्या भांड्यात पडतं, म्हणून अर्ध्यापेक्षा थोडंच वर भरावं. आच मोठी ठेवली तर दही तळाला लागतं आणि त्याचा करपट वास शेवटपर्यंत जात नाही. वरचं पाणी तापलं तर थेंबच होत नाहीत. ते हाताला कोमट लागलं की काढून गार घालायचं, एका भट्टीला दोन-तीन वेळा. पहिल्या पाण्याखालची आर्खी सगळ्यात कडक, पुढची पाणचट. सगळी मिळून दहा टक्क्यांच्या आसपास भरते. दिसायला पाण्यासारखी, वासाला दह्याची आठवण, कोमटच पितात. पुन्हा गाळली तर ‘आर्झ’, आणखी एकदा गाळली तर ‘खोर्झ’. नाव बदलतं तसा माणूस लवकर आडवा होतो.

कढईत उरलेला साका टाकत नाहीत. कापडात बांधून निथळवला की त्याचंच वाळवण होतं. त्याबद्दल पुढे.

प्रश्न : पिण्याखेरीज घोडीच्या दुधाचे उपयोग कोणते? ते औषधी आहे, क्षयावर चालतं, असंही कानावर येतं.

उत्तर : न आंबवलेल्या ताज्या दुधाला ‘साम’ म्हणतात. ते पोट साफ करण्यासाठी थोडं घेतात. सहा-सात टक्के दुग्धशर्करा असलेलं दूध रेचक ठरलं नसतं तरच नवल.

सर्वात मोठा उपयोग खाण्याचा नाहीच. नव्या हंगामाची पहिली धार आकाशाला आणि डोंगरांना शिंपडतात. त्यासाठी ‘त्सात्साल’ नावाची लांब दांड्याची लाकडी पळी असते, तिच्यावर नऊ खळगे कोरलेले. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या वाटेवर दूध शिंपडतात, मग ते घोडीचं असो की गायीचं. ११ ते १३ जुलैच्या नादाम उत्सवात शर्यत जिंकलेल्या घोड्याच्या डोक्यावर आणि पुठ्ठ्यावर ऐराग ओततात. गंमत म्हणजे दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत सगळ्यात शेवटी आलेल्यालाही मान असतो. त्याला ‘बायान खोदोद’ म्हणजे भरल्या पोटाचा म्हणतात आणि पुढच्या वर्षी तू पहिला येशील अशी स्तुती गातात.

हिवाळ्यासाठी ऐराग गोठवून ठेवतात. थंडीच त्यांचा फ्रीज. त्सगान सार या नववर्षाच्या सणाला, साधारण फेब्रुवारीत, ते वितळवून पाहुण्यांसमोर येतं.

औषधाचं म्हणाल तर १८५८ मध्ये नेस्तोर पोस्तनिकोव्ह या रशियन डॉक्टरने समाराजवळ कुमिस पाजून क्षयरोग्यांवर उपचार करणारं आरोग्यधाम काढलं, आणि नंतर तशी पुष्कळ निघाली. क्षयावर प्रतिजैविकं नव्हती तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि पोटभर पौष्टिक पेय यांनी रोग्याचं वजन वाढत असे, बरंही वाटत असे. क्षयाच्या जंतूला मारणारं मात्र त्यात काही नाही. गवताळ पठारावर भाज्या-फळं नसताना या दुधातलं क जीवनसत्त्व कामाला येतं हे खरं, गायीच्या दुधापेक्षा ते बरंच जास्त असतं. तापवलं की ते जातं, आणि ऐराग तापवत नाहीत.

प्रश्न : जुन्या प्रवासवर्णनांत ‘काळ्या कुमिस’चा उल्लेख येतो. घोडीचं दूध काळं कसं?

उत्तर : रंगाने काळं नव्हे. १२५३ ते १२५५ या काळात मंगोल दरबारी जाऊन आलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या फ्रान्सिस्कन साधूने त्याची कृती लिहिली आहे. सरदारांसाठी दूध इतका वेळ ठोकायचे की सगळा घट्ट भाग मद्याच्या गाळासारखा तळाला बसे आणि वर स्वच्छ पातळ द्रव राही. तो द्रव मालकांचा, गाळ गुलामांचा. आणि तो गाळ खाल्ला की गाढ झोप लागते असंही तो सांगतो. वर सांगितलेली केसीनची गोष्ट आठवली तर हे पटतं. घट्ट गोळा न होणारं दूधच असं निवळू शकतं, गायीच्या दुधाला ते जमणार नाही. मध्य आशियाई भाषांत ‘कारा’ म्हणजे काळा, आणि पाणी किंवा पेय निवळ, पारदर्शक असेल तर त्यालाही हा शब्द लावतात. काराकोरम या तेव्हाच्या मंगोल राजधानीतल्या राजवाड्यात गियोम बुशे या पॅरिसच्या सोनाराने चांदीचं झाड केलं होतं, त्याच्या चार तोट्यांपैकी एकीतून हेच पेय वाहत असे. उरलेल्या तिघींतून द्राक्षाचं मद्य, मधाचं मद्य आणि तांदळाचं मद्य.

त्या काळी घोड्या पिळणं आणि पखाल ठोकणं हे पुरुषांचं काम आणि गायी पिळणं बायकांचं, असंही रुब्रुकने नोंदवलं आहे.

प्रश्न : आरूल इतकं कडक का असतं? खाताना दाताचा तुकडा पडायची वेळ येते.

उत्तर : चावायचं नसतं, गालात धरून चघळायचं असतं. आरूल म्हणजे वाळवलेला चक्का. आंबलेलं दही उकळायचं (किंवा आर्खीच्या भट्टीतला साका घ्यायचा), कापडाच्या पिशवीत निथळवायचं, मग पिशवीवर दगड ठेवून दाबायचं. घट्ट झालेल्या वडीचे ताणलेल्या दोऱ्याने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापून, फळीवर मांडून, गेरच्या छपरावर उन्हा-वाऱ्यात वाळवायचे. सुरीने कापलं तर ते चिकटतं आणि कडा तुटतात, म्हणून दोरा. जाड तुकडा बाहेरून दगड होतो आणि आत ओला राहतो. असा तुकडा साठवणीत बुरशी धरतो आणि सोबतच्यांनाही लावतो. नीट वाळलेलं आरूल वर्षानुवर्षं टिकतं. मार्को पोलोने मंगोल स्वाराजवळ दहा पौंड वाळवलेलं दूध असे असं लिहिलं आहे : सकाळी अर्धा पौंड कातडी बाटलीत पाण्यासोबत घालायचं, घोड्याच्या चालीने ते आपोआप घुसळलं जाई, संध्याकाळी पेज तयार.

प्रश्न : मांस न खाणाऱ्या माणसाने मंगोलियात काय खावं?

उत्तर : उन्हाळ्यात पुष्कळ, हिवाळ्यात कठीण. मंगोल आहाराचे दोन भाग आहेत, ‘त्सगान इदे’ म्हणजे पांढरं अन्न आणि ‘उलान इदे’ म्हणजे लाल. उन्हाळा पांढऱ्याचा. सगळ्यात आधी ‘ओरोम’ मागा. याकचं किंवा गायीचं दूध रुंद कढईत मंद तापवतात, पळीने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतून फेस आणतात आणि रात्रभर हलवू न देता ठेवतात. सकाळी वर बोटाएवढी जाड साय येते, तिची घडी घालून उचलतात. पावाला लावून वर साखर, बस. ‘ब्यास्लाग’ हे ताजं चीज आंबट दही घालून फाडतात, प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरत नाहीत, तेव्हा तेही चालेल.

सावध कुठे राहायचं ते असं. ‘बोर्त्सोग’ ही तळलेली बिस्किटं मेंढीच्या चरबीत तळलेली असू शकतात. ‘सूतेइ त्साय’ हा खारा दूधचहा निर्धोक दिसतो, पण त्यात शेपटीची चरबी किंवा ‘बान्श’ म्हणजे मांसाचे छोटे मोदक घालायची पद्धत आहे. आधी विचारा. शेवयांचं सूप ‘मांसाशिवाय’ मागितलं तर पुष्कळदा मांसाचे तुकडे वेचून काढलेलं तेच सूप येतं. उलानबातरमध्ये शुद्ध शाकाहारी भोजनगृहं आहेत. शहर सोडलं की पिशवीत स्वतःची डाळ ठेवावी.

खाऱ्या चहाचं प्रमाणही कुणी विचारलं होतं : एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा कुटलेला विटेचा (विटेच्या आकारात दाबलेला) चहा, पाच मिनिटं उकळी, मग अर्धा ते एक लिटर दूध, छोटा पाऊण चमचा मीठ. पुन्हा उकळी आली की पळीने उंचावरून वीस-तीस वेळा उपसायचा. न उपसलेला चहा पाणचट लागतो.

प्रश्न : बूझमधला, म्हणजे मांस भरून वाफवलेल्या मोदकांतला, रस वाफवताना निघून जातो. उपाय?

उत्तर : मांस यंत्रातून काढू नका, सुरीने बारीक कापा, आणि त्यात चौथा हिस्सा तरी चरबी हवी. अर्धा किलो मांसाला एक कांदा, दोन पाकळ्या लसूण, मीठ आणि ऐंशी ते शंभर मिलिलिटर पाणी. हे पाणीच पुढे रस होतं, ते मांसात पूर्ण जिरेपर्यंत कालवा. पीठ अर्धा किलो, पाणी पाव लिटर, अर्धा तास झाकून ठेवा. पारी मधे जाड, कडेला पातळ लाटा. उलट झालं की बूड फाटतं आणि रस खाली जातो. चाळणीला किंवा बूझच्या बुडाला तेल लावा. वीस मिनिटं वाफ, मध्ये झाकण उघडायचं नाही. उघडल्यावर ताटलीने भराभर वारा घाला, पारी चकाकते आणि एकमेकींना चिकटत नाही.

प्रश्न : खोरखोगसाठी, म्हणजे तापलेल्या दगडांवर शिजवलेल्या मांसासाठी, कोणते दगड घ्यावेत? तापवताना दगड फुटला.

उत्तर : पाण्याखालून नुकताच काढलेला किंवा थरांचा दगड असेल तर फुटणारच. आतल्या भेगांत शिरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती दगड फोडते. नदीकाठचे पण कोरडे, गुळगुळीत, घट्ट, मुठीएवढे दगड घ्या, आदल्या दिवशी उन्हात ठेवा. तासभर विस्तवात तापवा आणि तेवढा वेळ लांब उभे राहा. मग दुधाच्या जाड धातूच्या कॅनमध्ये हाडासकट मेंढीचं मांस, मीठ, कांदा आणि तापलेले दगड असे थर द्या. कॅन दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. लिटरभर पाणी घाला, झाकण लावा, मंद विस्तवावर सव्वा ते दीड तास. झाकण उघडताना तोंड दूर ठेवा आणि आधी किंचित सैल करून वाफ सोडा. या पदार्थात लोक भाजतात ते दगडाने नव्हे, या वाफेने. बाहेर काढलेले तेलकट गरम दगड एका हातातून दुसऱ्या हातात फिरवतात, थकवा जातो असं मानतात.

प्रश्न : ‘बोर्त्स’ म्हणजे वाळवलेलं मांस करायला हिवाळाच का लागतो?

उत्तर : कारण मीठ लावायचं नाही, धूर द्यायचा नाही, फक्त थंडी आणि कोरडी हवा. गायीच्या मांसाचे दोन-तीन सेंटिमीटर जाड, पाच-सात रुंद लांब पट्टे डिसेंबरच्या सुमारास दोरीवर टांगतात. मांस गोठतं, आणि गोठलेल्या स्थितीतच वसंतापर्यंत त्यातलं पाणी हळूहळू उडून जातं. चरबी आधी काढावी, ती खवट होते. पट्टे एकमेकांना टेकता कामा नयेत. तयार बोर्त्स लाकडासारखं हलकं आणि तपकिरी होतं. कुटून मूठभर पूड पाण्यात उकळली की सूप. अख्ख्या गायीचं मांस असं तिच्याच पोटाच्या पिशवीत मावतं असं म्हणतात.

प्रश्न : घोडी नाही, तरी ऐरागच्या जवळपास जाणारं काही घरी करता येईल का?

उत्तर : नक्कल होईल. साय पूर्ण काढलेलं एक लिटर गायीचं दूध उकळून गार करा. त्यात पाव लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि पंचवीस ग्रॅम साखर घाला. चरबी कमी, प्रथिनं विरळ आणि साखर जास्त, म्हणजे घोडीच्या दुधाकडे एक पाऊल. विरजणाला सव्वाशे मिलिलिटर ताजं केफिर घ्या, म्हणजे जिवाणू आणि यीस्ट दोन्हींनी आंबवलेलं दूध. नेहमीचं दही चालणार नाही, त्यात यीस्ट नसतं आणि दूध नुसतं आंबट होऊन दही लागेल. वीस ते पंचवीस अंशांत चोवीस तास ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं जोरात घुसळा. रात्री उठायची गरज नाही, पण झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर चुकवू नका.

मग प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर चार बोटं मोकळी ठेवा. काचेची बाटली नको : वायू होत राहतो आणि घट्ट बुचाची काच फुटते. बाटली दाबून पाहिल्यावर टणक लागली की फ्रीजमध्ये ठेवा, दिवसातून एकदा बूच किंचित सैल करून दाब सोडा आणि तीन दिवसांत संपवा. शेवटचं अर्धा वाटी शिल्लक ठेवलंत तर तेच पुढच्या खेपेचं विरजण, पण चार-पाच खेपांनंतर यीस्ट कमी पडू लागतं आणि फेस मरतो. तेव्हा नवं केफिर आणा.